खलनायकाला कोणाचे कपडे?

रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराचे नाव आमच्या यवतमाळात काढले की ऐकणारा प्रथम आदराने गप्प बसतो आणि मग हळूच घड्याळाकडे पाहतो. त्याचा दोष नाही. ‘निबेलुंगाची अंगठी’ ही वाग्नरची नाट्यमालिका चार संगीत नाटकांची आहे. ती चार रात्री चालते आणि एकूण पंधरा तासांच्या आसपास वेळ घेते. ती लिहून आणि संगीतबद्ध करून पुरी व्हायला १८४८ ते १८७४ अशी सव्वीस वर्षे लागली आणि १८७६ च्या ऑगस्टमध्ये बव्हेरियातील बायरॉइट या गावी, मुद्दाम तिच्यासाठी बांधलेल्या नाट्यगृहात ती प्रथम संपूर्ण रंगली. त्यानंतर चारच वर्षांनी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. दोन्ही कलावंतांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते. आपले नाटक पदासाठी थांबते, ‘वन्स मोअर’ घेते आणि पुढे सरकते. वाग्नरचे नाटक कोठेच थांबत नाही, टाळीला जागाच देत नाही. बाकी लांबीचे म्हणाल, तर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्री दहाला बसून पहाटेपर्यंत नाटक पाहतो. पंधरा तासांची भीती आपण तरी घालून घेऊ नये.

मला या संगीताची ओळख नागपूरला सेमिनरीत असताना झाली. आम्हांला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या एका वयोवृद्ध परदेशी धर्मगुरूंकडे जॉर्ज शोल्टीच्या ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या होत्या. रविवारी दुपारी ते दार उघडे ठेवून ऐकत. जाता-येता कानावर पडे तेवढे पडे. एकदा मी दारात रेंगाळलेला पाहून त्यांनी मला आत बोलावले, जर्मन संहितेवर बोट ठेवून अर्थ सांगितला आणि शेवटी म्हणाले, की हा मनुष्य फार मोठा कलावंत होता आणि फार वाईट मनुष्य होता, ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणायला शीक. तेव्हापासून ती मी म्हणत आलो आहे. मधल्या ‘आणि’ या शब्दाशी मात्र दर वेळी अडखळतो.

कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. ऱ्हाईन नदीच्या तळाशी सोने आहे. ते कुणाचेच नाही, म्हणून निरुपद्रवी आहे. जो प्रेमाचा त्याग करील त्यालाच त्या सोन्याची अंगठी घडवता येईल आणि ती त्याला जगाचे स्वामित्व देईल. आल्बेरिख नावाचा खुजा, कुरूप प्राणी जलकन्यांकडे प्रेम मागायला येतो. त्या त्याच्या रूपाची यथेच्छ चेष्टा करतात. तो प्रेमाला शाप देतो, सोने नेतो आणि आपल्याच निबेलुंग जातभाईंना जमिनीखाली गुलाम करून राबवतो. इकडे देवांचा राजा वोटान याने दोन राक्षसांकडून महाल बांधून घेतलेला असतो आणि मजुरी म्हणून फ्रेया ही देवी कबूल केलेली असते. देणे द्यायची वेळ येते तेव्हा तो आल्बेरिखला फसवून सोने आणि अंगठी लुबाडतो. राक्षस म्हणतात, फ्रेयापुढे सोने रचा. ती दिसेनाशी झाली की फिटंफाट झाली. सोने रचतात, तरी एका फटीतून तिचा डोळा दिसत राहतो. ती फट बुजवायला शेवटी अंगठीच घालावी लागते. अंगठी हाती पडताच त्यांपैकी एक राक्षस भावाला ठार मारतो. पुढच्या तीन नाटकांत जे रक्त सांडते ते या व्यवहाराचे व्याज आहे.

कापसाला पांढरे सोने म्हणणाऱ्या जिल्ह्यात ही कथा समजावून द्यावी लागत नाही. ऐपतीबाहेर बांधलेले घर, शब्दावर घेतलेले कर्ज, त्याच्या वसुलीला उभी केलेली घरची स्त्री आणि सगळे भरून झाल्यावरही उरणारी ती एक फट, हे सारे येथल्या माणसाने पाहिलेले आहे. बर्नार्ड शॉने १८९८ साली ‘द परफेक्ट वॅग्नराइट’ या पुस्तकात मालिकेचा असाच आर्थिक अर्थ लावला होता. निबेलुंगांची खाण म्हणजे कारखाना आणि अदृश्य करणारे शिरस्त्राण म्हणजे कामगाराला कधीच न दिसणारा भागधारक. मला हा अर्थ पटतो. फक्त शॉला कर्जाची धास्ती तितकीशी ठाऊक नसावी, असे वाटते.

आता त्या ‘आणि’विषयी. वाग्नरने १८५० साली टोपणनावाने आणि १८६९ मध्ये उघड स्वतःच्या नावाने ‘संगीतातील यहुदीपण’ या विषयावर एक विखारी निबंध छापला. यहुदी माणसाचे बोलणे, त्याचा हेल, त्याचे रूप यांची त्यात किळसवाणी चेष्टा आहे. आल्बेरिख आणि त्याचा भाऊ मीमे या दोन पात्रांचे खुजेपण, धनलोभ, किरटा स्वर हे त्याच निबंधातून उचलल्यासारखे वाटतात. तत्त्वज्ञ आडोर्नोने तसे स्पष्ट लिहिले. संहितेत यहुदी हा शब्द कोठेही नाही, हेही खरे. आणि त्या आधारावर काही अभ्यासक हा आरोप नाकारतात. १८८२ साली ‘पार्सिफाल’चा पहिला प्रयोग ज्याने संचालित केला तो हेरमान लेव्ही एका रब्बीचा मुलगा होता आणि त्याने बाप्तिस्मा घ्यावा म्हणून वाग्नरने त्याच्यामागे लकडा लावला होता. वाग्नर १८८३ मध्ये वारला. त्याच्या सुनेच्या कारकिर्दीत, १९३३ ते १९३९ या वर्षांत, बायरॉइटचा मानाचा पाहुणा ॲडॉल्फ हिटलर होता.

या पेचातून दोन पळवाटा आहेत. नाटक बंद करा, ही एक. संगीत निर्मळ आहे, संहितेकडे दुर्लक्ष करा, ही दुसरी. बंदीचा अनुभव महाराष्ट्राला आहे. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगमंचावर आले, एकोणीस प्रयोगांनंतर थांबले, १९७४ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि १९८० मध्ये जर्मनीला निघाले तेव्हा पुन्हा रण माजले. ते नाटक थांबवून नाना फडणविसांची प्रतिष्ठा तसूभरही वाढली नसती. आमच्या यवतमाळात जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले; परिणामी त्यांचे न झालेले भाषण जितक्यांनी वाचले तितक्यांनी झालेले कुठलेच वाचले नसेल. दुसऱ्या पळवाटेविषयी मी धर्मगुरू म्हणून बोलू शकतो. शब्दांकडे दुर्लक्ष करून गाणाऱ्यांना आम्ही दर रविवारी ऐकतो. शब्द तरीही आत जातात.

परंतु वाग्नरकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या वेदीकडे पाहिले पाहिजे. उत्तम शुक्रवारी आपण योहानकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचतो. त्यात ‘यहुदी’ हा शब्द विरोधकांसाठी वारंवार येतो. शतकानुशतके युरोपात त्या दिवशी मंदिरातून बाहेर पडलेला जमाव यहुद्यांच्या घरांवर चालून जाई. त्या दिवसाच्या प्रार्थनेत या लोकांसाठी वापरलेले एक कठोर विशेषण परमगुरुस्वामी तेविसावे योहान यांनी १९५९ साली काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले, की प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. बायरॉइट ज्या बव्हेरियात आहे त्याच बव्हेरियात ओबरामरगाउ नावाचे एक कॅथोलिक गाव आहे. १६३३ च्या प्लेगमध्ये केलेल्या नवसानुसार हे गाव १६३४ पासून प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक करीत आले आहे. ते साधारण दर दहा वर्षांनी होते. १९३४ च्या प्रयोगाला हिटलर गेला होता आणि ते त्याला आवडले होते. यावर आणखी टीकेची गरज नाही. १९९० पासून दिग्दर्शक क्रिस्टियान श्ट्यूक्ल यांनी ते नाटक टप्प्याटप्प्याने बदलले. येशू, त्याची आई आणि त्याचे शिष्य हे यहुदीच होते, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसू लागले. साथीमुळे पुढे ढकललेला २०२० चा प्रयोग २०२२ मध्ये झाला तेव्हा यहुदाची भूमिका करणाऱ्यांत गावातला एक मुसलमान तरुण होता.

ख्रिस्तसभेने शुभवर्तमान मात्र बदलले नाही. तिने एक वेगळीच गोष्ट केली आणि ती मला वाग्नरच्या प्रश्नावरचे सर्वांत शहाणे उत्तर वाटते. दुःखसहनाचा वृत्तांत आज अनेक ठिकाणी वेगवेगळ्या आवाजांत वाचला जातो आणि त्यातील जमावाची वाक्ये मंदिरात बसलेल्या सर्वांनी म्हणायची असतात. त्याला क्रुसावर द्या, असे ओरडणारे कोणी परके लोक नव्हेत. ते आपण आहोत. इस्त्रीचे कपडे घालून आलेले, उपवास केलेले आपण. आमच्या धर्मग्रामात एक आजी ती वाक्ये कधीच म्हणत नाहीत. ओठ घट्ट मिटून बसतात. मी त्यांना कधी टोकले नाही. त्यांना ती वाक्ये इतरांपेक्षा अधिक कळली असावीत.

अंगठीच्या नाटकांचे दिग्दर्शन करणाऱ्या चांगल्या कलावंतांनी हेच केले. महायुद्धानंतर १९५१ मध्ये बायरॉइट पुन्हा उघडले तेव्हा वाग्नरचा नातू वीलांड याने शिंगांची शिरस्त्राणे, अस्वलांची कातडी, झाडे, खडक सगळे काढून टाकले आणि जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर नुसत्या प्रकाशात नाटक उभे केले. ते सुंदर होते, असे सांगतात. पण मला त्यात हात धुतल्याचा भास होतो. आजोबांचे घर साफ केले. घरात काय घडले होते ते मात्र कोणी विचारू नये. ते विचारले पात्रीस शेरो या एकतीस वर्षांच्या फ्रेंच दिग्दर्शकाने, मालिकेच्या शताब्दीला, १९७६ साली. संगीताचे संचालन पिएर बुलेझ यांचे होते. शेरोच्या रंगमंचावर ऱ्हाईन नदीवर वीजनिर्मितीचे धरण होते आणि देवांचा राजा वोटान लांब कोट घातलेला एकोणिसाव्या शतकातला भांडवलदार होता. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या, आरडाओरडा केला, निषेधाची पत्रके वाटली. का? धरणाने कुणाचे काय बिघडले होते? मला वाटते, तो कोट त्यांनी ओळखला. बायरॉइटला तिकीट काढून येणाऱ्यांच्या आजोबांचा तो कोट होता. आल्बेरिखला नाक लावून, पाठीला पोक काढून उभा केला असता तर कुणी शिट्टी वाजवली नसती. अनेक दशके तसे झालेच होते. हाच प्रयोग १९८० मध्ये शेवटचा झाला तेव्हा टाळ्या तासाभराहून अधिक वेळ चालल्या. त्याचे चित्रण उपलब्ध आहे आणि मी ते तीनदा पाहिले आहे. शेवटी देवांचा महाल जळतो, नदी चढते, सोने तिच्या तळाशी परत जाते आणि मंचावर उरलेली माणसे सावकाश वळून प्रेक्षागृहाकडे पाहत राहतात.

हे शेरोने बाहेरून आणून चिकटवले, असे म्हणणाऱ्यांनी संहिता वाचावी. तिसऱ्या नाटकात वोटान स्वतःला उजेडातला आल्बेरिख म्हणवून घेतो. कपटी वाग्नरपेक्षा कलावंत वाग्नर शहाणा होता, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. ज्याला त्याने कुरूप करून पाताळात ढकलले, त्याचाच चेहरा त्याने देवाच्या चेहऱ्याखाली काढून ठेवला. निबंध लिहिणाऱ्या हाताला हे कळले नसेल, सूर लिहिणाऱ्या हाताला कळले होते. दिग्दर्शकाने त्या दुसऱ्या हाताशी प्रामाणिक राहावे. नंतरच्या दिग्दर्शकांनी तेलाच्या विहिरी आणल्या, २०२२ मध्ये सोन्याच्या जागी एक मूल आणले. सगळेच काही मला पटत नाही. कित्येकदा नाटकाच्या डोक्यावर दुसरे नाटक बसवल्यासारखे वाटते. तरीही नाक लावण्यापेक्षा तेलविहीर बरी.

याला एक मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. झुबिन मेहता हे मुंबईचे. सेंट मेरीज शाळा आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय या आपल्या येशूसंघीयांच्या संस्थांत ते शिकले, १९५४ साली व्हिएन्नाला गेले आणि पुढे शिकागो, म्यूनिक, व्हॅलेन्सिया येथे त्यांनी ही नाट्यमालिका संचालित केली. इस्रायलच्या वाद्यवृंदाचे ते अनेक दशके प्रमुख होते. १९३८ साली जर्मनीत यहुद्यांची दुकाने आणि प्रार्थनामंदिरे फोडण्यात आली, तेव्हापासून या वाद्यवृंदाने वाग्नर वाजवणे सोडले होते. ऑक्टोबर १९८१ मध्ये तेल अवीवला मैफलीच्या अखेरीस मेहतांनी श्रोत्यांना सांगितले, की आता आम्ही वाग्नर वाजवणार आहोत, ज्यांना नको असेल त्यांनी जावे. ‘ट्रिस्टान’मधील अखेरचा भाग सुरू झाला. तेव्हा सभागृहात दाराशी काम करणारा एक मनुष्य पुढे आला आणि सदरा उघडून त्याने अंगावरचे व्रण दाखवले.

येथे शेरोचा कोट उपयोगी पडत नाही. अर्थ लावणे, संदर्भ बदलणे, खलनायकाचे कपडे बदलणे हे सारे न भाजलेल्या माणसांसाठी आहे. मेहतांचा हेतू स्वच्छ होता, यात मला शंका नाही. पण त्या रात्रीपुरता मी त्या दारावरच्या माणसाच्या बाजूने आहे. ज्यांना नको त्यांनी जावे, हे वाक्य त्याला कसे लागू होणार? तो तर तेथे कामावर होता. जुलै २००१ मध्ये जेरुसलेमला डॅनिएल बारेनबोइम यांनी ठरलेला कार्यक्रम संपवून, श्रोत्यांशी सुमारे अर्धा तास वादविवाद करून मग वाग्नर वाजवला. काही लोक ओरडत, दारे आपटत निघून गेले, बहुतेक थांबले. हे अधिक बरे होते. पुरेसे होते की नाही, हे यवतमाळात बसून मी ठरवू नये.

यवतमाळात मला ठरवावे लागले ते यापेक्षा पुष्कळ लहान होते. उपवासकाळात आमचे युवक दरवर्षी दुःखसहनाचे नाटक बसवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्यात कयफाचा एक खजिनदार घातला. यहुदाला चांदीची तीस नाणी मोजून देणारा. तालमीला गेलो तेव्हा त्या खजिनदाराला पोटावर उशी बांधलेली, हातात लाल कापडी चोपडी, डोक्यावर एका विशिष्ट व्यापारी समाजाची पगडी आणि तोंडी त्याच समाजाच्या मराठीचा हेल. सगळे हसत होते. मुलगा उत्तम करीत होता, हेही मान्य केले पाहिजे. त्या समाजाची मुले आमच्या शाळेत शिकतात. त्यांतली काही कुटुंबे हे नाटक पाहायला दरवर्षी येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसतात.

मी पगडी काढायला सांगितली. तो मुलगा म्हणाला, “फादर, सावकार असाच दिसतो. मी पाहिला आहे.” त्याने खरेच पाहिला होता. २०१७ च्या बोंडअळीने त्याच्या वडिलांचे पीक गेले. बँकेचे दार बंद झाल्यावर त्यांनी ज्याच्याकडून पैसे घेतले तो मनुष्य तशीच पगडी घालत असे. तीन एकरांचा कागद त्याच्याकडे गेला तो गेलाच. या मुलाला मी मीमे आणि आल्बेरिखची गोष्ट सांगितली नाही. सांगून उपयोग नव्हता. मी एवढेच म्हणालो, की तुझ्या वडिलांना एका माणसाने लुबाडले, आणि तू दोनशे माणसांना हसवणार आहेस ते पगडीला. ती पगडी दुसऱ्या रांगेतही बसलेली असेल.

मग खजिनदाराने घालायचे काय, असा प्रश्न आला. मी माझा एक जुना पांढरा झगा दिला. मंदिराच्या खजिन्यातून रक्ताची किंमत मोजणारा माणूस मंदिराच्याच कपड्यांत हवा, हे शुभवर्तमानाला धरूनच आहे. चोपडीच्या जागी आमच्याच धर्मग्रामाच्या हिशेबाची वही दिली, कोरी. प्रयोगात कोणी हसले नाही. नंतर मात्र धर्मग्रामातील काही ज्येष्ठ मंडळी माझ्याकडे आली, दोन तक्रारअर्ज वरिष्ठांपर्यंत गेले आणि याजकाच्या पवित्र वस्त्राचा अवमान झाला, असे त्यांत लिहिले होते. पगडीविषयी तालमीत एकाचाही आक्षेप नव्हता. तक्रार करणारी माणसे चांगली आहेत. त्यांच्याशी माझे संबंध आजही गोड आहेत आणि झगा धुऊन परत आला आहे.

तो मुलगा मात्र समाधानी झाला नाही. त्याने झगा घातला, काम चोख केले आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारले, “तुम्ही आपल्यालाच आरोपी केलेत, ठीक आहे. पण ज्याने खरोखर लुबाडले त्याला कोण उभा करणार?” या प्रश्नाला शेरोकडे उत्तर नाही आणि माझ्या प्रवचनांतही नव्हते. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे; बेकायदा सावकारीची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते आणि कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. आम्ही दोघांनी धर्मगुरू-निवासाच्या ओसरीवर बसून त्याच्या वडिलांचा अर्ज लिहिला. तीन कच्चे खर्डे झाले. पहिल्यात मुलाने सावकाराच्या नावाआधी त्याच्या समाजाचे नाव लिहिले होते. दुसऱ्यात ते त्यानेच खोडले. मी काही बोललो नव्हतो. अखेरच्या प्रतीत सावकाराचे नाव आहे, पत्ता आहे, रक्कम, व्याजाचा दर, गट क्रमांक आणि कागद झाल्याची तारीख आहे. अर्ज दाखल झाला आहे. सुनावणीच्या दोन तारखा पडल्या आहेत, तिसरी पुढच्या महिन्यात आहे.